बाजेखालचा विस्तव

मुकुंदवाडी, औरंगाबाद
९ नोव्हेंबर १९८६

वहिनी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा माय शेजारी बसून "वाच की गं" म्हणून घाई करत असेल. तर मोठ्यानं वाच, लपवण्यासारखं यात काही नाही.

बाळंतपणाला मी पिशोरला येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, हे मला कुणी सांगायला नको. पण तूच लिहिलं होतंस की दसऱ्यालाच विहिरीनं तळ दाखवला आणि तुम्ही दोघी पाण्यासाठी दीड कोस चालता. बाळंतिणीला रोज दोन हंडे गरम पाणी लागतं, वर बाळाचं धुणं. एवढं पाणी तुमच्या डोक्यावरून आणवायचं आणि मी बाजेवर पडून राहायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. घाटी दवाखान्यात नाव घातलं आहे. हे रोज मला विचारतात, पाय सुजले का, चक्कर आली का. कंपनीत ठेकेदाराकडे आहेत, पण पगार वेळेवर होतो.

मायनं इकडं यायचीही गरज नाही. या वयात दादा आणि त्यांच्याबरोबर भाऊ मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले, घरी राहिलेल्या मेंढ्या आठ-पंधरा दिवसांत विणार, अशात तुला एकटीला टाकून ती कशी येईल? आमची खोली पक्की आहे, विटांची. शेजारच्या आशाबाई वैजापूरकडच्या आहेत, चार लेकरांची आई. त्या सगळं बघतील.

फक्त शेक कसा द्यायचा ते मायला विचारून बैजवार लिही. अख्ख्या पिशोरची लेकरं माझ्या मायच्या हातच्या विस्तवावर शेकून निघाली, आणि तिच्याच लेकीचं लेकरू तसंच राहिलं तर लोक हसतील.

तुझी,
ज्ञानेश्वरी

पिशोर
१८ नोव्हेंबर १९८६

ज्ञानेश्वरीस,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. आत्याबाई रुसल्या की मेंढरांशी बोलतात. "लेकीला शहराचं वारं लागलं, माय नको झाली," असं त्या एका गाभण मेंढीला सांगत होत्या. मेंढीनं मान हलवली, त्यावर आणखी चिडल्या. तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाल्या, "आण कागद, लिही. पक्की खोली हाय म्हनती, तर बरंच हाय. वारं तरी शिरायचं नाय."

आता त्या सांगतात तसं लिहिते, मधे माझं काही घालत नाही.

"बाजेच्या पायथ्याखाली घमेलं ठिवायचं, डोक्याखाली नाय. आधी राखंचा जाड थर, मग आर, लाल निखारं, वर पुना पातळ राख, म्हंजी धग हळूहळू येती. गवऱ्याचाच इस्तू पायजे. सकाळ-सांज ओवा अन् वावडिंगाची धुरी. इस्तू इझू द्यायचा नाय, सव्वा महिना. अन् समद्यात मोठं म्हंजी वारं. बाळंतिणीला अन् लेकराला वारं लागलं की खेळ खलास. दार लावून घ्यायचं, फटीला चिंध्या लावायच्या, खिडकी असंल तर पोतं ठोकायचं. कुनी आत आलं की लगीच दार वढून घ्यायचं. लाजायचं नाय, पाव्हन्यालाबी सांगायचं."

माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच शेक दिला, तेव्हा मी याची साक्षीदार आहे. घामानं भिजून जायची मी, पण दोन्ही पोरं ठणठणीत आहेत. आपल्या कुडातून इतक्या फटी की चांदणं आत येतं, म्हणून त्या सगळीकडून घोंगड्या टांगायच्या. तुला विटांच्या घरात ते कष्ट नाहीत.

एक नवी घोंगडी आपल्या गल्लीतल्या कडुबाबरोबर पाठवते. तो कामाच्या शोधात शहरात येतो आहे. ती बाजेभोवती सोड. अंगद दाजींना सांग, पहिली बातमी पिशोरला कळवायची, पेढे नंतर दिले तरी चालतील.

अंबिका

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१२ डिसेंबर १९८६

वहिनी,

तारेनं कळलंच असेल, मुलगी झाली. दोन तारखेला, पहाटे. तीन दिवसांनी घाटीतून घरी आलो. नाक दादांचं आहे, बाकी कुणाचं काय ते अजून कळत नाही. नाव तुम्ही सगळे आल्यावर ठेवू.

शेक मायनं सांगितला तसाच चालू आहे. इथं गवऱ्या मिळत नाहीत. आसपासच्या लोकांनी जनावरं बाजारात काढली, शेण कुठून येणार? म्हणून हे वखारीतून लाकडी कोळसा आणतात. त्याला धूर नसतो आणि धग गवरीच्या दुप्पट, मायला सांग. घमेलं दिवसभर लालबुंद असतं. फटीही सगळ्या बुजवल्या. कंपनीत यंत्रं ज्या पांढऱ्या हलक्या थर्माकोलमध्ये आणि प्लास्टिकच्या कागदात बांधून येतात तो सगळा माल हे घेऊन आले आणि चारी बाजूंनी, वरूनही लावून टाकला. खोली आतून दवाखान्यासारखी पांढरी दिसते. थंडीचं नाव नाही.

घोंगडी पोचली. खरं सांगू का, तिचा मेंढराचा वास इथं शेजारपाजारी लगेच ओळखतात आणि नाकाला पदर लावतात. म्हणून घडी करून आशाबाईंकडे ठेवली आहे. मायला हे वाचून दाखवू नकोस.

पोरगी फार गुणाची आहे, वहिनी. रडतच नाही. पाजायला उठवावं लागतं, दोन घोट घेते की परत झोपते. आशाबाई म्हणतात, असं लेकरू नशिबानं मिळतं. माझं मात्र डोकं जड असतं, कानशिलं ठणकतात, परवा उलटीही झाली. हे पाळीवरून येऊन दार उघडतात तेव्हा जरा बरं वाटतं, पण मी लगेच लावून घ्यायला सांगते. याला काय करू ते मायला विचार.

ज्ञानेश्वरी

पिशोर
१७ डिसेंबर १९८६

ज्ञानेश्वरी,

नात झाली म्हणून आत्याबाईंनी गल्लीत गूळ वाटला. साखरेला हात लावायची सोय नाही, पण गुळाचा खडा प्रत्येकाच्या हातावर ठेवताना त्यांचा तोरा बघायला हवा होतास. लेकरू रडत नाही हे ऐकून तर हरखल्याच. "शेक मानवला तिला," म्हणाल्या. तुझ्या डोक्याबद्दल म्हणाल्या, "कुठून तरी वारं शिरतंय. दार उघडल्यावर बरं वाटतं ते खोटं असतं, मागून बाधतं. अजून बारीक फटी असतील, त्या बघ. कानात कापूस घाल." तसं कर.

आता माझ्या मनातलं. हा भाग मी वाचून दाखवलेला नाही. विटांच्या भिंतीला चारी बाजूंनी थर्माकोल कशाला लावावा लागतो गं? आणि वरूनही? ज्याच्या घरातून वारं शिरतं तोच फटी बुजवतो. मी सातवीपर्यंत शिकले, तेवढं गणित मला येतं. तू काही लपवत असलीस तर मला लिही, आत्याबाईंना नको. मी हसणार नाही. माझ्या माहेरी तर भिंतीच नव्हत्या.

पत्र मिळताच दोन ओळी टाक.

अंबिका

घाटी दवाखाना, औरंगाबाद
५ जानेवारी १९८७

वहिनी,

हे पत्र मायसमोर उघडू नकोस. मेंढरं घेऊन रानात जाशील तेव्हा वाच. अक्षर यांचं आहे, कारण माझा उजवा हात कोपरापासून बांधलेला आहे. मी सांगते आणि हे लिहितात, मधेच थांबतात, डोळे पुसून परत लिहितात. चुकलं असेल तर समजून घे.

आम्ही दोघी जिवंत आहोत, ते आधी सांगते.

तू विचारलंस ते खरं आहे. खोली विटांची नाही, पत्र्याची आहे, चारी बाजूंनी. लग्न ठरताना यांच्या चुलत्यानं दादांना पक्की खोली सांगितली होती आणि मी इथं आल्यावर पाहिलं. दादांना कळलं तर ते चार माणसांत मान वर करणार नाहीत, म्हणून मी खोटं लिहीत राहिले. माय आली असती तर पहिल्या दिवशीच तिला दिसलं असतं, म्हणून तिला येऊ दिलं नाही. पत्रा थंडीत असा गार पडतो की हात लावला तर चटका बसल्यासारखं होतं. त्यासाठी तो थर्माकोल.

अठरा तारखेला दुपारी हे कामावर होते. मी सकाळपासून गुंगीत होते. दार लावलेलं, घमेल्यात कोळसा भरलेला. मला वाटतं मी तीनदा उठायचा प्रयत्न केला, पण पाय माझे नव्हतेच. बाजेकडचा प्लास्टिकचा कागद धगीनं सैल होऊन खाली लोंबत आलेला मी डोळ्यांनी पाहिला, वहिनी, आणि हात पुढं होईना. तो निखाऱ्याला लागला. मग वरचा थर्माकोल वितळून थेंबाथेंबानं माझ्या हातावर, पाठीवर पडायला लागला. ते थेंब पेटलेले होते. मी ओरडले का नाही ते आठवत नाही.

आशाबाईंनी पत्र्याच्या वरून काळा धूर पाहिला. त्यांनी लाथ मारून दार पाडलं. टँकर येऊन चार दिवस झाले होते, गल्लीत कुणाच्या ड्रमात पाणी नव्हतं. लोक नुसती माती फेकत होते. आशाबाईंनी ती आपली घोंगडी अंगावर घेतली, आत शिरल्या आणि आम्हाला ओढून काढलं. लोकर जळत नाही, नुसती करपते, हे त्यांना ठाऊक नव्हतं, हाताला लागलं ते त्यांनी घेतलं. त्यांची स्वतःची खोलीही जळाली. आज त्या चार लेकरांना घेऊन स्टेशनच्या छपराखाली आहेत आणि तरी मला रोज भाकरी आणून देतात. त्यांच्याकडे बघवत नाही मला.

पोरीला पायाला थोडं भाजलं. पण ती बाहेर काढली तेव्हा रडत नव्हती, हलत नव्हती. इथल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. मग त्यांनी मला विचारलं, डोकं कधीपासून दुखत होतं? उलटी? बाळ फार झोपायचं का? दार उघडल्यावर बरं वाटायचं का? एकेक बरोबर. मला वाटलं ही बाई देवी आहे. त्या म्हणाल्या, बंद खोलीत कोळसा ठेवला की त्यातून एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस झोपतो आणि उठत नाही. तुमची पोर गुणाची नव्हती, विषानं गुंगली होती. आग लागली म्हणून कुणी दार तोडलं. लागली नसती तर संध्याकाळी तुमच्या नवऱ्याला दोघी गार सापडल्या असत्या.

तुझं सतरा तारखेचं पत्र पोस्टमननं जळक्या पत्र्यांपाशी उभं राहून यांच्या हातात दिलं. फटी बुजव असं त्यात होतं. हे मायला कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. दोष तिचा नाही, माझा आहे. मी खरं लिहिलं असतं तर ती आली असती.

ज्ञानेश्वरी

पिशोर
१४ जानेवारी १९८७

ज्ञानू,

तुझी शपथ मोडली. जसं झालं तसं सांगते.

पत्र मी रानात वाचलं आणि तिथंच बांधावर बसून पोटभर रडले. घरी येताना मनातल्या मनात दुसरं पत्र रचलं, पोरीला दोन दात येणार असं वाटतं वगैरे. इतकी माझी अक्कल, महिन्याच्या लेकराला दात. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अंबिके, चार पानं हायेत. तू एकच वाचलं." मी म्हटलं, बाकी तुमच्या जावयानं देवाधर्माचं लिहिलंय. त्यांनी पानं माझ्या हातून घेतली आणि उलटसुलट करून बघितली. वाचता येत नाही त्यांना, पण म्हणाल्या, "हितं पानी पडलंय कागदावर. देवाधर्माला कुनी रडत नाय."

मग मी सगळं वाचलं. कुठं थांबले नाही.

पत्र्याच्या खोलीचं ऐकून त्या "पुढं वाच" एवढंच म्हणाल्या. आगीचं ऐकताना दोन्ही हातांनी बाजेचं कडेचं लाकूड धरून बसल्या होत्या. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं आलं तेव्हा म्हणाल्या, "ते पुना वाच." मी तीनदा वाचलं. डोकं जड, लेकरू झोपाळू, रडत नाही, दार उघडलं की बरं. तिसऱ्यांदा वाचून झालं आणि त्या उठून मेंढरांच्या वाड्याकडे गेल्या.

आज संक्रांत आहे. चार-पाच दिवसांत त्या माझ्याशी दहा शब्द बोलल्या असतील. आपल्या गल्लीतल्या सांडूच्या घरी सून बाळंतीण झाली, ते बोलवायला आले, तर घराच्या मागच्या बाजूनं निघून गेल्या. पिशोरात असं कधी घडलेलं नाही. मला भीती वाटते गं. त्या कुणावर रागावल्या असत्या, मला चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तू हाताची काळजी घे. आशाबाईंसाठी काय पाठवू ते कळव, दाणे थोडेच आहेत, पण आहेत.

अंबिका

पिशोर
३ फेब्रुवारी १९८७

ज्ञानू,

अक्षर माझं आहे, बोल आत्याबाईंचे. त्यांनी मला शपथ घातली आहे की एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. म्हणून त्या बोलल्या तसंच लिहिते.

"ज्ञाने, तुझी माय बोलते.

तू म्हनती दोष माझा. पत्र्याची खोली लपवली म्हनून झालं. तर आधी हे ऐक. तुझ्या भावाच्या, हनुमानाच्या आधी मला एक पोरगा झाला व्हता. तुला कुनी सांगितलं नसंल. त्याचं नाव ठिवायचंबी राहिलं. त्या साली थंडी लई, म्हनून माझ्या सासूनं कूड नुकताच शेनामातीनं लिंपून घेतला व्हता, एक फट राहिली नव्हती. गवऱ्या कमी पडल्या म्हनून बाभळीचा कोळसा व्हता घमेल्यात. लेकरू लई झोपायचं. समद्या म्हनायच्या, गुनाचं हाय. माझं डोकं फुटायचं. नवव्या दिवशी सकाळी मी त्याला पाजायला उचललं तर ते उठलं नाय. समदे म्हनले, वारं लागलं. मीबी तेच म्हनले. तवापासून मला वाऱ्याचं भ्याव. मी गावातल्या समद्या बाळंतिनीची दारं लावत फिरले, माझ्यावानी कुनाचं व्हऊ नये म्हनून.

माझं घर पत्र्याचं नव्हतं, ज्ञाने. मी कुनाशी खोटं बोलले नव्हते. माझी माय, सासू, समद्या जवळच व्हत्या. तरी लेकरू गेलं. तू पक्क्या खोलीत असती तरी म्या सांगितलेलंच केलं असतं, अन् मी आले असते तर म्या माझ्या हातानं दार लावलं असतं. तवा तू खोटं बोललीस, त्याच्यासाठी मी तुला भेटल्यावर बोलन. पन हे त्याच्यामुळं झालं नाय.

सांडूच्या घरी मी मागाहून गेले. इस्तू घराबाहीर काढला. सांडूची माय भांडली, वारं लागंल म्हनली. मी दारातच बसले, पाठ बाहीर करून, दिवसभर. लेकराला घोंगडीत गुंडाळलं अन् आईच्या पोटाशी दिलं. मंग मी इचार केला, माझ्या हाताखाली आजून किती लेकरं गेली. तीन. तिन्हीला वारंच लागलं व्हतं म्हनून समदे म्हनायचे. अंबिका म्हनली, जाऊ नका, लोक दगडं मारतील. मी गेले.

पहिल्या घरी मानसंच नायत, पोट भराया शहरात गेली, तुझ्याच तिकडं कुठं असतील. दुसऱ्या घरी म्हातारीनं आयकून घेतलं अन् मला उंबऱ्यावरून खाली उतर म्हनली. तिचं बरोबर हाय.

तिसरी बद्रीनाथची माय. बद्रीनाथच्या पाठची तिची पोरगी गेली, त्याला सोळा वर्सं झाली. तिला मी समदं सांगितलं, घमेल्याचं, दाराचं.  मंग ती हळूच म्हनली, मंजुळे, त्या दिवशी मला लई कोंडल्यासारखं झालं व्हतं, म्हनून तू नसताना मी घडीभर दार उघडलं व्हतं. कुनाला सांगितलं नाय आजवर. नवऱ्यालाबी नाय. मला वाटलं म्याच वारं आत घेतलं, म्याच मारली तिला. मी म्हनले, नाय गं बाई. आजून थोडा येळ उघडं ठिवलं असतंस, तर जगली असती.

 ती भिंतीला टेकून बसली. हंबरडा फोडून रडली नाय, नुसती हलत व्हती. मी तिच्यापाशी बसले, सांज होस्तोवर. ती मला जा म्हनली नाय अन् मी उठले नाय.

सोळा वर्सं ती बाई दार उघडल्याचा दोष घिऊन जगली, ज्ञाने. घरात, रानात, लेकाच्या लग्नात. तो दोष तिचा नव्हताच. मी बुधवारच्या गाडीनं येते, तवर तू तुझा खाली ठिव."